मँचेस्टर युनायटेड: २१ कोटी पौंड खर्चूनही मधली फळी तशीच का? आणि पुढच्या उन्हाळ्यात पैसा येणार कुठून?

डावा_विंगर

सप्टेंबर २०२५. उन्हाळ्याची विंडो (खेळाडू खरेदी-विक्रीची मुदत) बंद झाली, २०२४-२५ चे आर्थिक आकडेही आले. आता शांतपणे बोलता येईल म्हणून हा धागा काढतोय. (सगळे आकडे कोटी पौंडांत धरा, जिथे युरो किंवा डॉलर आहेत तिथे तसं लिहा.)

गेला हंगाम सगळ्यांना पाठ आहे: लीगमध्ये १५वा क्रमांक, ४२ गुण, १८ पराभव, फक्त ४४ गोल. वर बिलबाओत युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून १-० हार, म्हणजे युरोपही नाही. मग उन्हाळ्यात कुन्या ६.२५, एंब्युमो ६.५, शेश्को ६.६३ आणि शेवटच्या दिवशी गोलकीपर लामेन्स १.८१. एवढं करून ग्रिम्सबीकडून लीग कपमधून बाहेर.

माझे तीन प्रश्न:

१. गेल्या वर्षी ज्याने पाहिलं त्याला मिडफिल्डचं भगदाड दिसत होतं. मग तिन्ही मोठ्या खरेद्या आघाडीच्याच का?

२. उत्पन्न ६६.६५ कोटी, क्लबच्या इतिहासातलं सर्वाधिक. तरी 'पैसा नाही' हे कसं?

३. सहमालक रॅटक्लिफ येऊन दीड वर्ष झालं. आता नक्की निर्णय कोण घेतं, तो की बहुमत असलेलं ग्लेझर कुटुंब?

कृपया नुसतं 'ग्लेझर आउट' लिहायला येऊ नका. त्यावर इथे कोणाचंच दुमत नाही.

---

सहा_नंबर

पहिल्या प्रश्नावर लिहितो.

आघाडीचे खेळाडू आधी का घेतले, याचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे: ४४ गोल. होयलुंडचे लीगमध्ये ४, झिर्कझीचे ३. दोन्ही स्ट्रायकर मिळून ७. त्याच हंगामात कुन्याने वुल्व्हजसाठी १५ आणि एंब्युमोने ब्रेंटफर्डसाठी २० केले. असे आकडे समोर असताना मालक आणि डायरेक्टर दोघांनाही पटवणं सोपं जातं. शिवाय कुन्याच्या करारात ६.२५ कोटींचं रिलीज क्लॉज होतं, म्हणजे घासाघीस नाही. रक्कम भरा, खेळाडू घ्या. मिडफिल्डरच्या बाबतीत असं सोपं दार एकही नव्हतं. ब्रायटनच्या बालेबासाठी विचारणा झाली तर ब्रायटनने १० कोटींच्या वरचा भाव दाखवला. याच क्लबने कैसेडो चेल्सीला ११.५ कोटींपर्यंत नेऊन विकलाय, ते खाली कशाला येतील?

पण प्रशिक्षक अमोरिमच्या ३-४-२-१ मध्ये (मागे तीन सेंटरबॅक, मध्ये दोन मिडफिल्डर आणि कडेला दोन विंगबॅक, पुढे दोन 'दहा नंबर', टोकाला एक स्ट्रायकर) मधल्या दोघांवर काय भार येतो तो बघा. समोरचा संघ बहुतेक वेळा मध्ये तीन खेळाडू ठेवतो. तीन विरुद्ध दोन. तो जास्तीचा माणूस अडवायचे दोनच मार्ग आहेत. एक, दोन 'दहा नंबर'पैकी एकाने खाली यायचं. मग चेंडू जिंकल्यावर पुढे पास द्यायला माणूस कमी पडतो. दुसरा, बाजूच्या सेंटरबॅकने पुढे येऊन त्याला गाठायचं. मग त्याच्या पाठीमागे मोकळी जागा पडते आणि ती भरायला विंगबॅकला आत धावावं लागतं. सेंटरबॅक अर्धा सेकंद उशिरा निघाला की एकाच पासमध्ये दोघेही बाद. गेल्या हंगामात हे वारंवार दिसलं, आणि दोष मात्र सेंटरबॅकच्या माथी गेला.

ही पद्धत चालवायची तर मधल्या दोघांना प्रचंड मैदान कापता आलं पाहिजे, पाठीवर माणूस असताना चेंडू घेऊन वळता आलं पाहिजे आणि उडालेला दुसरा चेंडू जिंकता आला पाहिजे. आपल्याकडे काय आहे?

कासेमिरो: जागा ओळखण्यात आजही सर्वोत्तम, हेडरही. पण वय ३३. सामना वेगवान झाला आणि तासभर उलटला की अंतर वाढत जातं.

उगार्ते: चेंडू हिसकावतो, पण हिसकावल्यावर काय करायचं हा प्रश्न. दबावाखाली त्याचा पहिला स्पर्श चेंडू परत समोरच्याला देतो.

मेनू: दबावात सर्वात शांत. पण एवढ्या मोकळ्या मैदानात दोघांपैकी एक म्हणून धावणं हा त्याचा गुण नाही. तीन जणांच्या मधल्या फळीत तो दुसराच खेळाडू वाटेल. ऑगस्टअखेर त्याने लोनवर (हंगामापुरतं दुसऱ्या क्लबकडे) जाऊ द्या म्हटलं, क्लबने नकार दिला. जाऊ दिलं असतं तर चौथा माणूसच नव्हता.

ब्रुनो: कुन्या आणि एंब्युमो दोघेही 'दहा'च्या जागांवर आले, त्यामुळे ब्रुनो मागे सरकला. म्हणजे आघाडीच्या खरेदीने मिडफिल्डचं भगदाड बुजवलं नाही, उलट त्या भगदाडात संघाचा सर्वात सर्जनशील खेळाडू नेऊन उभा केला. तो तिथून लांब पास अप्रतिम देतो. पण पाठीमागून धावणाऱ्या माणसाचा माग काढणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

एक गोष्ट मात्र क्लबने बरी केली: वय. शेश्को २२, लामेन्स २३, त्याआधीचे योरो, डोर्गू, हेवन तर अजून कोवळे. नोंदणीतही याचा फायदा होतो. प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीत परदेशात तयार झालेले जास्तीत जास्त १७ चालतात, पण १ जानेवारी २००४ नंतर जन्मलेल्यांना या हंगामात यादीत जागाच लागत नाही. योरो, डोर्गू, हेवन, मेनू हे चौघेही यादीबाहेर राहून खेळू शकतात. त्यामुळे जानेवारीत कोणी आलाच तर जागेची अडचण नाही. अडचण दुसरीच आहे, ती ताळेबंदवाले सांगतील.

---

ताळेबंदवाला

हाक मारलीत तर आलोच. दुसरा प्रश्न.

आधी एक घोळ मिटवू. क्लबकडे 'पैसा आहे का' हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि माध्यमं ते सर्रास एकत्र कालवतात: हिशेबात खर्च किती दिसतो, नियमात किती बसतो, आणि बँकेत रोकड किती आहे.

हिशेब. खेळाडूची किंमत विकत घेतलेल्या वर्षी एकदम खर्चात पडत नाही. ती कराराच्या वर्षांवर सारखी वाटली जाते, यालाच अमॉर्टायझेशन म्हणतात. (चेल्सीने आठ-आठ वर्षांचे करार देऊन ही वाटणी लांबवली, तेव्हा आधी युएफाने (युरोपियन फुटबॉलची संघटना) आणि मग २०२३ च्या डिसेंबरात प्रीमियर लीगने कमाल पाच वर्षांची मर्यादा घातली.) कुन्या, एंब्युमो, शेश्को, लामेन्स मिळून मूळ रक्कम २१.१९ कोटी. चौघांचेही करार २०३० पर्यंत, म्हणून वर्षाला साधारण ४.२४ कोटी. बोनसच्या रकमा वेगळ्या, त्या अटी पूर्ण झाल्या की मिळवायच्या. म्हणजे '२१ कोटींचा उन्हाळा' या वर्षीच्या हिशेबात सव्वाचार कोटींचाच दिसतो. ऐकायला बरं वाटतं. पण हेच दर उन्हाळ्यात केलं की जुने थर साचत जातात. २०२३-२४ मध्ये फक्त अमॉर्टायझेशन साधारण १९ कोटी होतं. उत्पन्नाच्या जवळपास तीस टक्के, तेही पगाराआधी.

आता विकताना काय होतं ते अँटनीवरून बघा. २०२२ मध्ये मूळ किंमत ९.५ कोटी युरो, म्हणजे ढोबळ ८.१ कोटी पौंड, पाच वर्षांचा करार. वर्षाला १.६ च्या वर खर्ची. २०२४ च्या उन्हाळ्यात दोन वर्षं संपली तेव्हा त्याची पुस्तकी किंमत (खर्ची पडायची उरलेली रक्कम) अजून ४.९ च्या आसपास होती. तेव्हा २ कोटींना विकला असता तर जवळपास ३ कोटींचा तोटा एकाच वर्षात दाखवावा लागला असता. म्हणून आधी बेटिसला लोन, मग या उन्हाळ्यात विक्री. तीन वर्षं संपल्याने पुस्तकी किंमत सव्वातीनच्या आसपास आली आणि विक्री झाली साधारण २.१६ ला. तोटा आटोक्यात. 'आधीच का नाही विकला?' असं विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे. नको असलेला खेळाडू क्लब मुद्दाम एक वर्ष सांभाळतो, तो पुस्तकी किंमत उतरावी म्हणून.

अकादमीतून आलेल्याचं उलटं. त्याची पुस्तकी किंमत शून्य, म्हणून विक्रीची सगळी रक्कम नफा. मॅक्टॉमिने २०२४ मध्ये अडीच कोटींच्या आसपास नापोलीला गेला तो याच कारणाने. पुढच्याच हंगामात तो सेरी आचा (इटलीची लीग) सर्वोत्तम खेळाडू ठरला, ते जाऊ दे. गार्नाचो तसा आतलेतिकोकडून आलेला, पण किरकोळ किमतीत, त्यामुळे चेल्सीचे ४ कोटी जवळजवळ पूर्ण नफ्यात. नियमच घरचं पोर विकायला लावतो. हे मला पटत नाही, पण आहे हे असं आहे.

नियम. प्रीमियर लीगमध्ये २०२५-२६ च्या नियमानुसार तीन वर्षांत मिळून १०.५ कोटींपर्यंत करपूर्व तोटा चालतो. मालकाने भांडवल घातलं नाही तर हीच मर्यादा फक्त १.५ कोटी. स्टेडियम, अकादमी, महिला संघ यांवरचा खर्च त्यातून वजा होतो, म्हणून जाहीर तोटा आणि नियमातला तोटा एक नसतो. युनायटेडचा निव्वळ तोटा २०२३-२४ मध्ये ११.३२, २०२४-२५ मध्ये ३.३. युरोपात परतलो की युएफाचं वेगळं गणित: खेळाडू-प्रशिक्षकांचे पगार, अमॉर्टायझेशन आणि एजंटांची फी मिळून उत्पन्नाच्या (अधिक खेळाडूविक्रीच्या सरासरी नफ्याच्या) ७० टक्क्यांच्या आत.

रोकड. इथे खरी गोची आहे. खेळाडूची किंमत हप्त्यांत देतात, आणि ते हप्ते पुढच्या माणसांच्या डोक्यावर येतात. मार्चमधल्या मुलाखतीत रॅटक्लिफने अँटनी, कासेमिरो, ओनाना, होयलुंड, सँचो ही नावं घेऊन नेमकं हेच सांगितलं: माणसं आधीच्यांनी घेतली, देणी आम्ही भागवतोय. सँचो २०२१ चा, तेव्हा तो चेल्सीत लोनवर खेळत होता, आणि त्याचा १.७ कोटींचा हप्ता या उन्हाळ्यात द्यायचा होता! कुन्यासाठी वुल्व्हजने दोन वर्षांत तीन हप्ते मागितले, म्हणजे त्याचाही भार पुढच्या उन्हाळ्यावर आहेच.

उत्पन्नाचं म्हणाल तर ६६.६५ मध्ये व्यावसायिक ३३.३३, प्रक्षेपण १७.२९, सामन्यांचं तिकीट वगैरे १६.०३. त्या १६.०३ मध्ये युरोपा लीगचे घरचे ७ सामने आहेत. या वर्षी ते शून्य. आदिदासच्या करारातही चॅम्पियन्स लीग नसलेल्या प्रत्येक हंगामाला १ कोटी कापले जातात. पगार ३६.४७ वरून ३१.३२ वर आलेत, हीच काय ती जमेची बाजू. चॅम्पियन्स लीग नसली की खेळाडूंच्या करारातलं पगारकपातीचं कलमही लागू होतं, त्याचाही यात वाटा आहे.

---

मधला_मारुती

वरचं सगळं मान्य. पण मालकांवर खापर फोडण्याच्या मी विरोधात आहे, आत्ताच सांगून ठेवतो.

प्रशिक्षक फर्ग्युसन २०१३ मध्ये गेल्यापासून युनायटेडचा खेळाडूंवरचा निव्वळ खर्च १०० कोटी पौंडांहून जास्त आहे. पोग्बा ८.९, मग्वायर ८, सँचो ७.३, अँटनी ८ च्या वर. ज्या मालकाने हात आखडला त्याच्या क्लबचे हे आकडे नसतात. ग्लेझरांनी पैसा काढला हे खरं, पण खेळाडूंच्या बाजारात युनायटेड कधी गरीब नव्हतं. ते विकत घेण्यात वाईट होतं आणि विकण्यात त्याहून वाईट. ब्रायटनचा मालक कमी पैशात काय करतो ते वर सहा_नंबर यांनीच लिहिलंय.

---

न्यूटनहीथ१८७८

मारुतीराव, तुमचा अर्धा मुद्दा बरोबर आहे, पण वाईट खरेदी करणाऱ्या माणसांना नेमलं कोणी? म्हणून तिसरा प्रश्न घेतो. थोडं मागे जावं लागेल.

२००५ च्या मे महिन्यात माल्कम ग्लेझरने क्लब घेतला तेव्हा क्लबवर कर्ज नव्हतं. सुमारे ७९ कोटींचा व्यवहार, त्यातला मोठा भाग कर्जाऊ, आणि त्या कर्जाचा चांगलाच हिस्सा क्लबच्याच मालमत्तेवर. म्हणजे घेणाऱ्याने घेतलेलं कर्ज विकत घेतलेल्या वस्तूने फेडायचं. उरलेलं 'पिक' प्रकारचं (व्याज मुद्दलात साचत जाणारं) महागडं कर्ज कुटुंबाच्या नावे होतं. त्याचं व्याज २०१० मध्ये १६.२५ टक्क्यांवर गेलं, आणि त्याच वर्षी ते फेडून टाकलं. तेव्हापासून आजवर व्याज, फी आणि लाभांश मिळून १०० कोटींच्या वर रक्कम बाहेर गेली आहे. जेवढा निव्वळ खर्च खेळाडूंवर, तेवढीच रक्कम दुसऱ्या दाराने बाहेर. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

मूळ डॉलरमधलं कर्ज आजही ६५ कोटी डॉलर आहे. त्यातले ४२.५ कोटींचे रोखे ३.७९ टक्क्यांचे आणि त्यांची मुदत २०२७. आज एवढ्या स्वस्तात कोणी कर्ज देत नाही. म्हणजे दोन वर्षांच्या आत ते नव्याने उभारायचं आणि व्याज वाढणार, तेही नव्या १ लाख क्षमतेच्या, २०० कोटी पौंडांच्या स्टेडियमचा पैसा शोधत असतानाच. मिडफिल्डरपेक्षा मला याची जास्त काळजी आहे.

आता मतांचं गणित. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात १४ डॉलरने शेअर आणले ते 'अ' वर्गाचे, एका शेअरला एक मत. ग्लेझर भावंडांकडे 'ब' वर्गाचे, एका शेअरला दहा मतं. बाजारातले सगळे शेअर तुम्ही गोळा केलेत तरी बैठकीत हरणार. रॅटक्लिफने फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही वर्गांतले चतुर्थांश शेअर ३३ डॉलरने घेतले, वर नव्या भांडवलाचे ३० कोटी डॉलर दोन टप्प्यांत घातले. आता त्याच्याकडे २९ टक्क्यांच्या आसपास आहेत. फुटबॉलचा कारभार करारानुसार त्याच्या लोकांकडे. बहुमत मात्र अजून ग्लेझरांचंच.

ही मांडणी कागदावर ठीक दिसते, व्यवहारात जबाबदारी कुणाचीच राहत नाही. कॅरिंग्टन या सरावकेंद्राच्या ५ कोटींच्या नूतनीकरणाचं श्रेय एकाला, तिकिटं ६६ पौंडांवर नेल्याची आणि शेकडो कर्मचारी काढल्याची शिवी दुसऱ्याला, आणि कर्जाबद्दल दोघेही गप्प. २०२२ नंतर लाभांश दिलेला नाही, एवढं मात्र मान्य करू.

आणि माणसं बघा. २०१३ मध्ये फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल एकाच उन्हाळ्यात गेले. गिलच्या जागी वुडवर्ड, जो बँकिंगमधला. क्लबला पहिला फुटबॉल डायरेक्टर मिळाला २०२१ मध्ये, मर्टो. तो २०२४ मध्ये गेला. मग अ‍ॅशवर्थ, ज्याला न्यूकॅसलशी महिनोन्महिने वाटाघाटी करून आणलं आणि पाच महिन्यांत काढलं. आधीचा प्रशिक्षक तेन हागचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवला, २८ ऑक्टोबरला त्याला काढलं. त्याची, त्याच्या सहकाऱ्यांची आणि अ‍ॅशवर्थची भरपाई मिळून १.४५ कोटी. अमोरिमसाठी त्याच्या आधीच्या क्लबला, स्पोर्टिंगला, १.१ कोटी युरो. हे निर्णय काही महिन्यांत उलटे फिरवण्याची किंमत साधारण २.४ कोटी पौंड. लामेन्स त्याहून स्वस्तात आला.

---

सहा_नंबर

न्यूटनहीथ यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून, कारण माझ्या मते सगळा गुंता इथेच आहे. ती २.४ कोटींची रक्कम तर चिल्लर आहे. खरा खर्च पद्धत बदलल्याचा.

तेन हागचा संघ ४-२-३-१ साठी बांधला होता: कडेने खेळणारे विंगर, मध्ये तीन. हंगामाच्या मध्येच अमोरिम आला आणि त्याच्या ३-४-२-१ मध्ये विंगर ही जागाच नाही. एका रात्रीत रॅशफर्ड, गार्नाचो, अँटनी, सँचो ही सगळी मंडळी बिनकामाची झाली. काहींची वर्तणूक, काहींचा फॉर्म, हे वेगळे विषय. पण मुळात पाटीच काढून टाकली. मग हे चौघे आणि मलासिया असे पाच जण सरावात वेगळे काढले गेले, आणि हे जगजाहीर झालं. ज्या क्लबला माहीत आहे की तुम्हाला विकायचंच आहे, तो भाव का देईल?

म्हणजे कमी भावाने विकलं, आणि नव्या पद्धतीचे महाग घेतले. उद्या पुढचा प्रशिक्षक चार बचावपटूंचा आला तर? कुन्या-एंब्युमो कडेला खेळू शकतात, ते निभावतील. डोर्गूसारख्या विंगबॅकचं काय करणार? खेळाची पद्धत डायरेक्टरने ठरवायची आणि प्रशिक्षक त्या पद्धतीचा शोधायचा, हा क्रम असतो. ब्रायटन, ब्रेंटफर्ड हेच करतात. आपल्याकडे प्रशिक्षक आधी येतो आणि क्लब त्याच्या मापाने उसवून शिवला जातो. बेराडा (मुख्य कार्यकारी), विल्कॉक्स (फुटबॉल डायरेक्टर), विवेल (खेळाडू-भरती) ही आत्ताची साखळी ठीक वाटते, निदान माणसं फुटबॉलमधली आहेत. पण अमोरिमची निवड करताना पद्धतीचा प्रश्न बैठकीत नीट विचारला गेला होता असं मला अजूनही वाटत नाही.

मारुतीराव, ब्रायटनच्या मालकाचं उदाहरण तुम्ही दिलंत. तो फरक पैशाचा नाहीच, क्रमाचा आहे. आणि क्रम मालक ठरवतो.

---

मधला_मारुती

क्रमाचा मुद्दा मान्य. मालकाला दोष द्यायचा तर हाच द्या, 'पैसे देत नाही' हा नको. बाकी आमच्याकडून पूर्णविराम.

---

डावा_विंगर

एकाच धाग्यात एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार. उरलेला भाग: पुढच्या उन्हाळ्यात मिडफिल्डर घ्यायचा तर नक्की कुठून काय सुटू शकतं? रॅशफर्ड, सँचो, होयलुंड, ओनाना सगळे लोनवर आहेत. 'लोन' म्हटलं की मला काहीच झालं नाही असंच वाटतं.

---

ताळेबंदवाला

सगळे लोन सारखे नसतात. एकेक घेऊ.

ओनाना, त्राब्झोन्सपोर. साधा लोन, विकण्याची अट नाही. परत येणार, पुस्तकी किंमत अजून शिल्लक. प्रश्न फक्त पुढे ढकललाय.

सँचो, अ‍ॅस्टन व्हिला. त्याचा करार २०२६ च्या उन्हाळ्यात संपतो. एक वर्ष वाढवायचा पर्याय क्लबकडे आहे, पण तेवढ्या पगारात तो वापरणं म्हणजे धोंडा पाडून घेणं. म्हणजे ७.३ कोटींचा खेळाडू फुकट जाणार, विक्रीतून मिळकत शून्य. चेल्सीकडे गेल्या वर्षी विकत घेण्याची सक्ती होती, त्यांनी ५० लाख भरून त्यातूनही अंग काढलं. यावरून त्याच्या पगाराची अडचण कळते. किंमत कोणीही देईल, पगार कोणी देत नाही. फायदा एवढाच की पुस्तकातून त्याचा शेवटचा तुकडाही या वर्षी संपेल.

कासेमिरो. करार जून २०२६ पर्यंत. क्लबने वाढवला नाही तर संघातल्या सर्वात मोठ्या पगारांपैकी एक मोकळा, आणि ६ कोटींच्या मूळ किमतीचं अमॉर्टायझेशनही बंद. मिडफिल्डरची सोय खरी इथून होते. पण तो सोडला की आणायचे एक नव्हे, दोन मिडफिल्डर.

रॅशफर्ड, बार्सिलोना. हा 'पर्याय', सक्ती नव्हे. बातम्यांनुसार ३ ते साडेतीन कोटी युरो. तो अकादमीचा, म्हणजे आला तो सगळा नफा आणि पगाराचं ओझंही उतरलं. पण बार्सिलोनाची स्वतःची नोंदणीची कसरत दर उन्हाळ्यात चालू असते, तेव्हा शेवटच्या आठवड्यापर्यंत उत्तर मिळणार नाही, असं धरून चाला. आणि त्याचा हंगाम चांगला गेला तरी ते भाव पाडायला बघतील, वाईट गेला तर परत पाठवतील.

होयलुंड, नापोली. हा सर्वात नीट केलेला व्यवहार. लोनचे ६० लाख युरो आत्ता, आणि नापोली चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरली तर ४.४ कोटी युरो द्यायची सक्ती. २०२३ ला ६.४ कोटी पौंडांना घेतला, पाच वर्षांचा करार. तीन वर्षं संपल्यावर पुस्तकी किंमत अडीच कोटींच्या आसपास, म्हणजे विक्रीतून चक्क नफा दिसेल. अट पूर्ण झाली नाही तर मात्र चार गोलचा स्ट्रायकर परत दारात, आणि तोवर शेश्को मुख्य झालेला.

आकडे स्वतः बघायचे असतील तर क्लब दर तिमाहीला जाहीर करतो. जुलै ते सप्टेंबरचे वर्षअखेरीच्या आसपास येतील. त्यात निव्वळ नफा-तोटा वगळून तीन ओळी वाचा: खेळाडूंच्या नोंदणीचं अमॉर्टायझेशन, इतर क्लबांची देणी, आणि चालू कर्जसुविधेतून उचललेली रक्कम. शेवटची वाढत असेल तर जानेवारीत कोणी येणार नाही, बातम्या काहीही म्हणोत.

---

सहा_नंबर

मेनूचं राहिलं. करार २०२७ पर्यंत, अकादमीचा, पुस्तकी किंमत शून्य. ताळेबंदवाल्यांच्या नियमाने सर्वात 'फायदेशीर' विक्री तोच. मॅक्टॉमिनेच्या वेळी हाच मोह झाला होता. त्याला विकून बालेबा आणणं म्हणजे मिडफिल्डमध्ये एक वजा, एक अधिक. संख्या तीच, खर्च मात्र वाढलेला.

---

न्यूटनहीथ१८७८

थोडक्यात, या वर्षी सेरी आचा तक्ताही उघडा ठेवायचा. नापोली पहिल्या चारात आली की ४.४ कोटी युरो नक्की.

---

मधला_मारुती

म्हणजे आपण विकलेल्या मॅक्टॉमिनेने तिथे गोल करायचे, म्हणजे आपला होयलुंड विकला जाणार, म्हणजे त्या पैशात मॅक्टॉमिनेच्या जागेवर माणूस घेता येणार. वा!